देव्हाऱ्यातलं काडतूस

त्या दिवसापर्यंत मी आयुष्यात एकदाच बंदूक हातात धरली होती आणि ती लाकडाची होती.

नवीन जालन्यात स्टेशनाकडं जाताना एक फोटोवाला आहे. त्याच्याकडं एक पडदा आहे. पडद्यावर जंगल, जंगलात वाघ, आणि वाघाचा चेहरा हुबेहूब आमच्या शाळेतल्या हिशेबाच्या मास्तरांसारखा. पडद्यासमोर लाकडी बंदूक घेऊन, एक पाय वाघाच्या डोक्याजवळ येईल असा ठेवून उभं राहायचं. लग्न झाल्याच्या आनंदात मी असा फोटो काढला आणि एक प्रत पिंपळगाव रेणुकाईला वामनमामांना पाठवली. मामांनी ती काच लावून दारालगतच्या ढाळजेत टांगली. मामांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना पडद्याच्या घड्या दिसल्या नाहीत. वाघ तेवढा दिसला.

मामांना मूलबाळ नव्हतं. बंदूक होती. काडतुसाची, एकनळी, विलायती. दर शनिवारी मारुतीला तेल घालून आले की वाटीत उरलेलं तेल ते बंदुकीला लावत. मारुती आणि बंदूक दोघांची तब्येत उत्तम होती.

तर चार वर्षांनी, म्हणजे दुसरी मोठी लढाई ऐन भरात असताना, मामांचं कार्ड आलं. ‘चि. मुकुंदास अनेक आशीर्वाद. माझे डोळे गेले. लायसन डोळसाच्या नावे करावे असा तहसिलीचा हुकूम आहे. आपल्यात बंदूक चालविणारा तूच. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी नायब तहसीलदार जातीने मुआयना करणार. मडके फोडलेस तर लायसन तुझ्या नावे होऊन बंदूक घरी राहील. न फुटल्यास भोकरदनच्या सरकारी मालखान्यात जमा. भुईमुगात डुकरे शिरत आहेत. शरयूस आशीर्वाद.’

मालखान्यात गेलेली वस्तू परत आल्याचं तालुक्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. चोरीच्या खटल्यातली एक सायकल तिथं जमा झाली होती. खटला संपला तेव्हा मालकाला तिची घंटी मिळाली.

शरयूनं कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाली, “अहो, लिहून टाका की वाघ कापडाचा होता.”

मी म्हटलं, बरोबर आहे, लिहितो. आणि मी लिहिलं, ‘येतो.’

माझा स्वभावच असा आहे. जिनिंग फॅक्टरीच्या कचेरीत मी आठ तास खरं लिहितो, घरी आल्यावर जमत नाही.

आता बंदूक शिकायची म्हणजे काडतुसं हवीत. मी चौकशी केली. दुकानदार म्हणाला, काडतुसं लढाईवर गेलीत, परत आली की कळवतो. मग मी तहसील कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं मला कायदा समजावून सांगितला. काडतुसांचा कोटा लायसन असलेल्याला मिळतो. लायसन बार काढून दाखवणाऱ्याला मिळतं. आणि बार काढायला काडतूस लागतं. हे त्यानं मला तीन वेळा सांगितलं, इतक्या कौतुकानं की जणू तो कायदा नसून त्यानं स्वतः विणलेली टोपली होती.

मी मामांना कळवलं. उलट टपाली उत्तर आलं. लढाईच्या आधीचं एक काडतूस शिल्लक आहे. इकडंतिकडं होऊ नये म्हणून ते तुझ्या मामीनं देव्हाऱ्यात ठेवलं आहे. काळजी नसावी.

मी काळजी सोडली. तिथंच चुकलं.

एकच काडतूस म्हणजे ते मुआयन्यालाच लागणार. सराव बिनकाडतुसाचा करायचा. आणि मामांची बंदूक गावाबाहेर आणायला वेगळी परवानगी लागे, म्हणून जालन्यात सराव बिनबंदुकीचाही करायचा. इतक्या सगळ्या गोष्टी वजा केल्यावर उरलो मी आणि शरयूचं मुसळ.

मुसळाचं वजन बंदुकीइतकं भरतं हे आमचे शेजारी पुंजाराम यांनी सांगितलं. पुंजाराम निजामाच्या पोलीस बँडात मोठा ढोल वाजवून पेन्शनीत निघाले होते. त्यांचा बंदुकीशी संबंध इतकाच की परेडला त्यांच्या मागच्या रांगेत बंदूकवाले चालत. पण वीस वर्षं पाठीमागं बंदुका असलेल्या माणसाला बंदुकीबद्दल समोरच्या माणसापेक्षा जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि मला ते खोडता आलं नाही.

रोज सकाळी अंगणात मी मुसळ खांद्याला लावी, तुळशीच्या कुंडीवर नेम धरी आणि तोंडानं ‘ठो’ म्हणे. पुंजारामना माझा ‘ठो’ पसंत नव्हता. तो बेंबीच्या देठापासून यायला पाहिजे, नुसता ओठातला नको, असं ते सांगत आणि स्वतः करून दाखवत. त्यांच्या ठोनं समोरच्या घरातलं पाळण्यातलं पोर उठायचं, माझ्या ठोनं ते पुन्हा झोपायचं. पंधरा दिवसांनी माझ्याही ठोनं ते उठायला लागलं, तेव्हा पुंजारामनी माझी पाठ थोपटली.

मग त्यांना आठवलं की खऱ्या बंदुकीला धक्का असतो. बार निघाला की दस्ता खांद्यात बसतो आणि नवखा माणूस तीन पावलं मागं जातो. त्याची सवय आधीपासून पाहिजे. धक्का कुठून आणायचा असा प्रश्न निघाला, तेव्हा शरयू आतून जेवायला बसायचा पाट घेऊन आली. मी ‘ठो’ म्हटलं की तिनं पाटानं माझ्या उजव्या खांद्यावर एक द्यायची असं ठरलं. लग्नाला चार वर्षं झाली, पण माझ्या कुठल्या कामात तिनं इतका जीव ओतल्याचं मला आठवत नाही. ठो, पाट, तीन पावलं मागं. ठो, पाट, तीन पावलं मागं. काही दिवसांनी पाट बसायच्या आधीच मी मागं जायला लागलो. पुंजाराम म्हणाले, आता पक्कं झालं. शरयू म्हणाली, अजून थोडे दिवस करू.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी फॅक्टरीची रजा काढून मी पिंपळगावला गेलो. खांदा निळा झाला होता. मामांनी तो चाचपून पाहिला आणि मामीला म्हणाले, “बघ. बंदूकवाल्याचा खांदा.”

पिंपळगावात खरी बंदूक होती, पण तिचा चाप ओढायची सोय नव्हती. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढला की आतली कमान जाते, असं मामांचं मत. म्हणजे इथंही ठो तोंडानंच म्हणायचा. घरामागं चाळीस पावलांवर कुंपणाच्या मेढीवर मडकं पालथं घातलं. मी नेम धरून ठो म्हटलं. मामांनी आतुरतेनं विचारलं, लागला का? आता हे कुणी सांगावं? मामांना मडकं दिसत नव्हतं आणि मला गोळी दिसत नव्हती.

तेव्हा मामांचा राखणदार भुजंग पुढं आला. भुजंग पन्नाशीचा, कमी बोलणारा. तीस वर्षं ज्वारीतल्या माळ्यावर उभा राहून गोफणीनं पाखरं राखत आलेला. कणसावरचा पोपट उडवताना कणीस हलू द्यायचं नाही, अशी त्याची ख्याती. त्यानं सुचवलं की तो माझ्या मागं उभा राहील, नळी कुणीकडं आहे ते बघेल आणि मी ठो म्हटलं की बरोबर तिथं गोफणीनं दगड मारेल. म्हणजे गोळी कुठं गेली असती ते सगळ्यांना कळेल.

मामांना ही तोड इतकी आवडली की त्यांनी भुजंगला स्वतःच्या हातानं पान लावून दिलं.

पहिल्या दिवशी मी गोठ्याची दोन कौलं, लिंबाची फांदी आणि पाणी तापवायचा हंडा टिपला. दुसऱ्या दिवशी मामीनं वाळत घातलेल्या सांडग्यांची बाज. मी भुजंगकडं रागानं बघितलं. तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, तुम्ही जिथं धरली तिथं मारून राह्यलो. मी माझ्या पदरचं काही घालत न्हाई.” इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नव्हता आणि पुन्हा पाहायची इच्छाही नव्हती. चौथ्या दिवशी शेजारच्या झुंबरबाईनं येऊन सांगितलं की सराव संपेपर्यंत तिची म्हैस माहेरी नेऊन ठेवते.

पण पाचव्या दिवशी चमत्कार झाला. मी ठो म्हटलं आणि मडकं फुटलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा फुटलं. एका सकाळीत अकरा मडकी. मामा प्रत्येक फुटण्याला मान डोलवत होते, गाण्याला बसल्यासारखे. कुंभाराकडची मडकी संपली, मग कच्ची आणली. मी माझ्या नजरेत एकदम उंच झालो. डावा डोळा मिटण्याची माझी एक खास पद्धत आहे, तिचा हा परिणाम असावा, असं मी शरयूला सविस्तर पत्र लिहून कळवलं. तिचं उत्तर आलं नाही.

एवढ्या गडबडीत काडतुसाकडं मी फिरकलोही नव्हतो. मामी देवपूजा सोवळ्यात करायची आणि मी सकाळपासून पारोसा गोठ्याकडं ठो करत असायचो. देवघराकडं यायची मला बंदीच होती.

मुआयन्याच्या दिवशी नायब तहसीलदार मुनव्वरअलीसाहेब बैलांच्या दमणीतून आले. बारीक अंगाचे, पांढरी शेरवानी, बोलणं हळू. निम्मं गाव कुंपणाला लागलं होतं. साहेबांना खुर्ची दिली, चहा दिला. त्यांनी ढाळजेतला माझा वाघाचा फोटो जाता जाता पाहिला, थांबून पाहिला. मग म्हणाले, “कारतूस?”

मामी ताम्हनात काडतूस घेऊन आली. काडतुसाला गंध, गंधावर अक्षता, वर झेंडूची पाकळी. मी उचललं तर ते हाताला मऊ लागलं. कागदाचं कवच फुगून अंजिरासारखं झालं होतं.

मी हळूच विचारलं, “मामी, हे ओलं कसं झालं?”

“ओलं कशानं होईल? नुसती आंघोळ घातलीय,” मामी म्हणाली.

“काडतुसाला?”

“मंग? देव्हाऱ्यात ठेवलेलं बिनआंघोळीचं ठेवू का? तीन वर्षं झाली, एक दिवस खाडा न्हाई. दसऱ्याला पंचामृत घातलं.”

साहेबांनी ते माझ्या हातातून घेतलं, नाकाशी नेलं. “चंदन?” त्यांनी अदबीनं विचारलं. मामी हौ म्हणाली. त्यांनी काडतूस दोन्ही हातांनी मला परत दिलं.

दुसरं काडतूस अख्ख्या तालुक्यात नव्हतं. मामा काठी टेकून कान देऊन उभे होते. त्यांना हे काही दिसत नव्हतं आणि सांगायचा मला धीर झाला नाही. काडतूस नळीत शिरेना. अंगठ्यानं दाबून, करंजीची कडा बंद करतात तसं चेपून चेपून मी ते बसवलं. मडकं मेढीवर होतं. मी दस्ता खांद्याला लावला, नळीवरची माशी मडक्यावर आणली, माझ्या खास पद्धतीनं डावा डोळा मिटला आणि चाप ओढला.

सोडावॉटरची बाटली कुणी हळूच उघडावी तसा आवाज झाला. नळीच्या तोंडातून उदबत्तीसारखा बारीक धूर निघाला. वासही साधारण तोच.

आणि मग सवय आडवी आली. माझ्या बेंबीच्या देठापासून, पुंजारामना अभिमान वाटावा असा ठो निघाला. कुंपणावरचे लोक दचकून खाली बसले. धक्का कुणी दिला नाही, तरी मी तीन पावलं मागं गेलो आणि मामीनं मागं ठेवलेल्या हळदकुंकवाच्या ताम्हनात बसलो. माझ्या कानाशेजारून काहीतरी सणसणत गेलं. मडकं फुटलं.

मी उठलो, नळी खाली झाली आणि तिच्यातून छर्रे बाजरीसारखे टपटप माझ्या पायांवर पडले. शेजारच्या कोंबड्या धावत आल्या.

“लागला का?” मामांनी विचारलं.

मी बोलायला पाहिजे होतं. फोटो पाठवला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. शेवटी माझ्या मागून भुजंग म्हणाला, “लागला, मालक. मधोमध.”

मामांनी चाचपडत माझा खांदा शोधला, नेमका निळा, आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. मग बंदुकीवरून हात फिरवत राहिले. खांदा इतका दुखत होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खांद्यामुळंच.

मुनव्वरअलीसाहेब मामांकडं बघत होते. मग त्यांनी पायाशी येऊन पडलेला एक छर्रा उचलला, भुजंगच्या हातातल्या गोफणीकडं पाहिलं, आणि मला बाजूला नेलं.

“मियाँ,” ते म्हणाले, “नौकरी में पचीस साल हो गए, ऐसी बंदूक पैली बार देखी. कारतूस अंदर रह जाता, मटका बाहर फूटता.”

मी मागचं हळदकुंकू झटकलं.

“वो शेर कहाँ मारे आप?”

“जालन्यात,” मी म्हणालो. “स्टेशनजवळ.”

“पर्दे का?”

“जी.”

त्यांनी मान हलवली, खुर्चीत जाऊन बसले, बरोबर आणलेल्या पेशकाराकडून कागद घेतला आणि बराच वेळ उर्दूत लिहीत राहिले. सही झाली, शिक्का झाला. मामांनी तो कागद मला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावला. मी उर्दू शाळेत शिकलोय, त्यामुळं सुटका नव्हती. त्याचा मराठीत मतलब असा:

‘मौजे पिंपळगाव येथे बंदूक, अर्जदार आणि भुजंग या तिघांचा एकत्र मुआयना केला. निशाण दुरुस्त आहे. लायसन मंजूर. बंदूक घरी राहील. सदर बंदुकीला काडतुसाची जरूर पडत नसल्याचे आमच्या डोळ्यांदेखत सिद्ध झाल्याने कोटा शून्य. लायसनवर अर्जदार व भुजंग यांचा एकत्र फोटो लावावा. दरसाल नवे करताना तिघांनी हजर राहावे.’

मामांना फक्त ‘बंदूक घरी राहील’ ऐकू आलं. त्यांनी मामीला साखर आणायला सांगितली.

साहेब दमणीत बसल्यावर मी भुजंगला एकीकडं गाठलं. म्हटलं, खरं सांगा, आज तुम्ही माझा नेम बघून मारला की मडकं बघून?

भुजंगनं गोफण डोक्याला गुंडाळली. “भाऊ, तुमचा नेम बघितला असता तर साहेबाचा बैल मेला असता.”

“आणि पाचव्या दिवसापासून?”

“मडकंच बघून राह्यलो. मालक रोज ‘लागला का, लागला का’ करायचे. मला काही बराबर वाटलं न्हाई.” थोडं थांबून तो म्हणाला, “ठो मात्र तुमचा चांगलाय.”

हे मी सांत्वन समजलो. ते तसं नव्हतं. त्याच दिवशी दिवस मावळायच्या सुमारास डुकरं भुईमुगात आली आणि मामांनी आम्हा तिघांना, म्हणजे बंदूक, अर्जदार आणि भुजंग यांना, माळ्यावर चढवलं. मी नळी डुकरांच्या दिशेनं धरली आणि ठो म्हटलं. भुजंगचा दगड पुढच्या डुकराच्या पाठीवर बसला. सगळा कळप ओढ्यापार गेला. रजेचे उरलेले तीन दिवस मी हेच केलं. शेवटच्या दिवशी तर डुकरं आलीच नाहीत. बांधापर्यंत आली होती म्हणे, तेवढ्यात मला शिंक आली.

महिन्याभरानं फोटोसाठी मामा भुजंगला घेऊन जालन्याला आले. गोफण सोडून मी लाकडाची बंदूक धरणार न्हाई, असं भुजंगनं फोटोवाल्याला बजावलं. वाघाला त्यानं जवळ जाऊन बघितलं, बोटानं टोकरून बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मामा बाजूच्या बाकावर बसले होते, शरयू त्यांच्याजवळ. मामांना ऐकू जाईल म्हणून भुजंगनं वाघाचं नाव काढलं नाही.

आम्ही पडद्यासमोर उभे राहिलो. तो गोफण ताणून, मी लाकडी बंदूक खांद्याला लावून. फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि मला म्हणाला, तोंड मिटा. मी मिटलं. त्यानं पुन्हा डोकं घातलं, पुन्हा काढलं. माझं तोंड पुन्हा उघडं. बंदूक खांद्याला लागली की ते आपोआप उघडायचं, माझा इलाज नव्हता. तिसऱ्यांदा तो चिडला.

भुजंग समोर बघतच म्हणाला, “राहू द्या ना उघडं. मंग बार कुठून निघंल?”